परवा नाही

ओरत्तनाडूच्या स्टँडवर अंबा पडली तेव्हा तिच्या आईचा एक पाय बसच्या पायरीवर होता. कंडक्टरने शिट्टीसुद्धा फुंकली होती. पण अखिलाने पाय मागे घेतला, मागून पुटपुटणाऱ्या म्हाताऱ्यांना वाट करून दिली आणि धावत जाऊन पोरीला उचललं. गुडघ्याला खरचटलं होतं, फारसं नाही. पण साडेतीन वर्षांच्या जिवाचा गुडघा तो केवढासा! ओढणीच्या टोकाने माती पुसून अखिलाने त्यावर फुंकर घातली आणि म्हणाली, "परवा नाही, कन्ना. परवा नाही."

अंबाचं रडू तिथल्या तिथे थांबलं.

तंजावूरच्या मराठी घरांत या दोन शब्दांवाचून पान हलत नाही. दूध उतू गेलं, परवा नाही. पाहुणा जेवणं आटोपल्यावर आला, परवा नाही, बसा, पान वाढतें. कोणी चुकलं, कोणी रडलं, कोणी ओशाळून माफी मागायला लागलं की समोरच्याने हात हलवून म्हणायचं, परवा नाही. म्हणजे काही बिघडलं नाही. म्हणजे होईल सगळं नीट. म्हणजे मी आहे ना. शेजारचे तमिळ लोक 'परवायिल्लै' म्हणतात, तिचीच ही जुळी बहीण. दोघींत थोरली कोण, हे सांगायला आता कोणी उरलेलं नाही.

"अक्का, परत कधीं येशील?" अंबाने विचारलं.

अखिला तिची आई, पण पोरगी तिला अक्का म्हणायची. गल्लीतली मुलं म्हणत, म्हणून तीही म्हणायला लागली. 'अम्मा' ही हाक तिने केव्हाच आजीला देऊन टाकली होती. न्हाऊ घालणारी, भरवणारी, कुशीत घेऊन निजणारी ती आजी, अखिलाची सासू विजयलक्ष्मी, चार पावलं मागे छत्री धरून उभी होती.

"आदितवारीं येतें," अखिला म्हणाली आणि बसमध्ये चढली. खिडकीशी जागा मिळाली. कालव्याच्या कडेने नारळ मागे पळायला लागले, तेव्हा तिने ओढणीचं तेच मातकट टोक डोळ्यांना लावलं.

तिचा नवरा श्रीकर गेला त्याला आता तीन वर्षं होत आली होती. पट्टुक्कोट्टै रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलीला लॉरीने उडवलं, तेव्हा अंबा नुसती पालथी पडायला शिकली होती. अखिलाचं कॉलेज लग्नापायी पहिल्या वर्षातच सुटलेलं. सासूने आपला एकुलता एक मुलगा पोचवून आल्यावर, डोळ्यांतलं पाणी खळलं नव्हतं तेव्हा, तिला समोर बसवून सांगितलं होतं, "तूं तंजावुराला जा. शीक. पोर मी सांभाळतें. हातांत उद्योग येवो, त्या दिवशीं तुझी पोर तुझ्या कडेवर. त्याच्या आधीं नाही. दोघी मिळून उपाशी राहाल, तें मज बघवणार नाही."

उद्योग म्हणजे नोकरी. त्यांच्या बोलीत नोकरीला तोच शब्द.

अखिलाला ते पटलंही होतं. अम्मा, म्हणजे तिची आई भामा, नर्सरी शाळेत शिकवायला जायची, अप्पा कचेरीत; घरी पोर बघायला कोण? पण तेव्हा तिला वाटलं होतं, दोन-तीन वर्षं म्हणजे काय, डोळ्याचं पातं लवेपर्यंत जातील. पातं लवलं, आणि पोर तिला अक्का म्हणायला लागली. आता जूनमध्ये अंबाला शाळेत घालायची होती. ओरत्तनाडूच्या शाळेत एकदा नाव घातलं की ती तिथलीच झाली, हे सासूलाही कळत होतं आणि सुनेलाही. बोलत कोणीच नव्हतं.

*

बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना काम मिळणं म्हणजे वाळवंटात विहीर खणणं. कॉलेजात कंपन्या यायच्या त्या चेन्नईला नाहीतर बंगळूरला न्यायला. अखिलाला तिथे जाऊन कुठे राहायचं आणि पोर कुठे ठेवायची? तिला हवं होतं तंजावुरात बसून करण्यासारखं काहीतरी. डेटा भरायचा असो, बिलं तपासायची असोत, कसलंही.

ते 'कसलंही' शोधून आणलं हरिताने. हरिता तिची वर्गमैत्रीण आणि दूरच्या नात्याने आत्तेबहीण. एके दिवशी कॅन्टीनमध्ये तिने मोबाइल अखिलाच्या नाकासमोर धरला.

"अडी, हें बघ. घरीं बसून काम, ग्राहकसेवेचे फोन उचलायचे. कंप्यूटर आणि हेडफोन पाहिजे. कॉलेजचीं मुलं चालतात. भाषा काय, वाच."

"मराठी?" अखिलाने डोळे विस्फारले.

"बाकीचीं कंप्यूटरची जावा भाषा घोकून घोकून मरतात, तुज तर आईच्या दुधाबरोबर फुकट मिळालें."

"आपलें मराठी त्यांना कळेल?"

"आपलें म्हणजे तंजावुरच्या राजाचें मराठी, माहीत आहे?"

"राजा गेला, हरिते. आतां ग्राहकसेवेस फोन करायला राजा थोडाच येणार?"

"मोबाइल कंपनी आहे. राजाचाही नंबर असेल कीं त्यांच्याकडे. अर्ज तर घाल."

मुलाखत व्हिडिओवर झाली. पलीकडे पुण्याच्या संगीता मॅडम, टीम लीडर. गोल चेहरा, मोठी टिकली, हातात चहाचा मग.

"हं, बोल अखिला. सध्या काय करतेस?"

"कॉलेजाला जातें, मॅडम. शेवटचें वर्ष. उद्योग काही नाही. उद्योगच शोधतें."

मॅडमच्या घशात चहा अडकला. "अगं बाई! आमच्याकडे येऊन काही उद्योग करू नकोस म्हणजे झालं!"

अखिलाचा चेहरा पडला. एवढ्या लवकर नकार? "मग... मज घेत नाही काय, मॅडम?"

मॅडमनी चहाचा मग खाली ठेवला. "नोकरी म्हणायचंय का तुला? मग नोकरी म्हण. उद्योग म्हणजे आमच्याकडे खोड्या, नसत्या भानगडी. कुठून शिकलीस हे मराठी?"

"शिकलें नाही, मॅडम. घरीं बोलतात."

"किती वर्षं झाली तुमच्या लोकांना तिकडे?"

"तें आम्हांसही नीट ठाऊक नाही," अखिला खरं तेच बोलली, आणि मॅडम मोठ्याने हसल्या. त्या हसण्यातच तिचं काम झालं. आवाज मऊ आहे, मॅडम म्हणाल्या. लोक इथे भांडायलाच फोन करतात, असा आवाज लागतो. कच्च्या कामावर घेऊ, दुपारनंतरची पाळी, कॉलेज सांभाळून. नीट जमलं तर मार्चअखेर कायम.

*

प्रशिक्षणात कळलं की बोलायची वाक्यं ठरलेली असतात आणि ती पडद्यावर येतात. येतात ती देवनागरीत. अखिलाला देवनागरी वाचता यायची नाही. तिच्या अप्पांनाही नाही. मग हरिता आणि ती बसल्या, आणि प्रशिक्षणाचे आवाज ऐकून ऐकून सगळी वाक्यं तमिळ लिपीत लिहून त्यांनी भिंतीवर चिकटवली. तमिळ लिपीत क, ग आणि कधी कधी हसुद्धा एकाच अक्षराने लिहितात. पहिल्या दिवशी सराव करताना अखिलाने मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, "नमस्कार, प्रिय किराकक!" हरिता हसून हसून पलंगावरून खाली पडली.

"परवा नाही," उठत ती म्हणाली, "किराकक तर किराकक. पळून थोडेच जातात!"

पण अखिलाने मनावर घेतलं. मुठीत बसेल एवढ्या त्या एका कानाच्या हेडफोनमधून, उजव्या कानाने, ती पुण्याचं मराठी पिऊ लागली. 'मज' नाही, 'मला'. 'सांगटलें' नाही, 'सांगितलं'. 'कोठें' नाही, 'कुठे'. आपल्या बोलण्यातला एकेक शब्द ती तांदळातल्या खड्यासारखा निवडून बाजूला काढायची. आणि निवडायची सवय लागली की माणूस दुसऱ्याच्या ताटातलंही निवडतो.

"अम्मा, सांगटलें नको म्हणूं. सांगितलं म्हण."

भामा भात कालवत होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. "तुझी टीम लीडर येऊन सार करणार असेल तर म्हणतें."

कामाला लागल्यावर मात्र तिचं तिलाच नवल वाटलं. लोक भांडायला फोन करायचे, ते खरं; पण दोन वाक्यांनंतर आवाज खाली यायचा. "ताई, तुम्ही कुठल्या हो?" "तंजावूर." "तिकडे मराठी बोलतात?" एक आजोबा तर बिलाचं विसरूनच गेले. म्हणाले, माझी पणजी असं बोलायची बाई, अजून थोडं बोल. अखिलाने त्यांना त्यांची शिल्लक तीनदा वाचून दाखवली.

सगळे वेगळे दिसणारे शब्द तिने वेचून काढले. पण जो शब्द वेगळा दिसतच नाही, तो खडा कसा वेचायचा? 'परवा' तिकडचे लोकही म्हणायचे, 'नाही' तर म्हणायचेच. भिंतीवरच्या वाक्यांत ते दोन शब्द नव्हते, आणि तिलाही कधी त्यांची गरज पडली नव्हती. तक्रार करणाऱ्याची कोण समजूत घालतो? त्याला सांगायचं, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मार्च उजाडला. संगीता मॅडम म्हणाल्या, "मी वर लिहिलंय तुझ्याबद्दल. या महिन्यात कायम होशील."

अखिलाने हेडफोन काढायच्या आधीच सासूला फोन लावला. "अत्ते, उद्योग लागेलसें दिसतें."

तिकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग विजयलक्ष्मी म्हणाली, "सरी, बरें. तिचे कपडे आवरून ठेवतें."

फोन ठेवल्यावर अखिलाच्या लक्षात आलं, आनंदाची बातमी सांगताना आपण एका बाईला एकटं केलं. पण तो विचार तिने फार वेळ धरून ठेवला नाही. आई झालेलं माणूस अशा वेळी जरा निष्ठुर होतं.

*

तो फोन आला तेव्हा दुपार तापली होती. गल्लीत शहाळीवाल्याची हाक चालली होती म्हणून तिने खिडकी ओढून घेतली.

"नमस्कार, मी अखिला बोलते. मी आपली काय मदत करू शकते?"

"ताई, एक नंबर बंद करायचा होता." बाईचा आवाज. गावाकडचा, साताऱ्याच्या बाजूचा असावा. "आमच्या मालकांचा."

"हो. ते आहेत का जवळ? त्यांच्याशी बोलावं लागेल."

"नाहीत."

"किती वाजता येतील?"

"वारले ते, ताई. दिवाळीच्या आधी."

पडद्यावर ठरलेलं वाक्य उमटलं. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, कृपया मृत्यूच्या दाखल्याची प्रत. त्याचं तमिळ अक्षरांतलं रूप भिंतीवर समोरच होतं. अखिलाने तिकडे पाहिलंच नाही.

"पोरगा म्हणतो बंद कर," बाई बोलत राहिली. "फुकट पैसे जातात म्हणतो. म्हणून फोन केला. पण ताई, मी अजून लावते तो नंबर. रोज नाही, कधी कधी. तुमची ती बाई बोलते ना, 'आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती सध्या उपलब्ध नाही.' सध्या म्हणते. बरं वाटतं ऐकायला. बंद केला की काय म्हणेल ती?"

अखिलाला माहीत होतं ती काय म्हणेल. हा क्रमांक अस्तित्वात नाही. श्रीकरच्या नंबरावर तमिळमध्ये तेच म्हणाली होती. आणि पुढे एकदा, बऱ्याच महिन्यांनी, तिने लावून बघितला तर कोणी तरी उचलला. तिरुवारूरचा एक औषधवाला. हॅलो, हॅलो, कोण पाहिजे, म्हणत राहिला. तिला सांगता आलं नव्हतं कोण पाहिजे ते.

"ताई, आहात ना?"

"आहे, आहे."

बाईचा बांध फुटला. मोठ्याने नाही; पदर तोंडात कोंबून रडतात तसं. मग नाक ओढत म्हणाली, "माफ करा हं. तुमच्या कामाच्या वेळेत मी आपलं हे रडगाणं..."

आणि अखिलाच्या आतून, जिथे कोणी निवडून ठेवलेला शब्द पोचत नाही तिथून, आलं, "परवा नाही."

हुंदका अर्ध्यातच थांबला. अंबाचा थांबायचा तसा. अखिलाला बरं वाटलं.

"काय म्हणालात?"

"परवा नाही, अक्का," ती आणखी मऊपणे म्हणाली. "मज काही परवा नाही. रडा तुम्ही. पाहिजे तेवढं रडा."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. बाई किती तरी वेळ बोलली नाही. मग अगदी हळू म्हणाली, "बरोबर आहे," आणि त्यापुढेही काही. पण नेमकी तेव्हाच गल्लीतून एक मोपेड फटफटत गेली. फोन ठेवल्याचा आवाज आला.

बरोबर आहे. एवढंच अखिलापर्यंत पोचलं. तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिला वाटलं की आज आपण नुसती वाक्यं वाचली नाहीत, काम केलं.

संध्याकाळी ती बाजारात गेली आणि अंबासाठी शाळेचा डबा घेऊन आली. पिवळा, झाकणावर हत्ती.

"शाळेचा पत्ता नाही, आणि डबा?" भामा म्हणाली.

"शाळा काय, आपल्या गल्लीच्या टोकाला आहे," अखिला म्हणाली. आणि मग न राहवून, "अम्मा, आज एका बाईला माझ्यामुळें जरा बरें वाटलें."

*

शुक्रवारी संगीता मॅडमचा फोन आला. नुसता फोन, व्हिडिओ नाही. "एक ऐकवते," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

अखिलाने स्वतःचा आवाज ऐकला. मज काही परवा नाही. रडा तुम्ही. कुकरची शिट्टी. मग, मोपेडच्या आवाजाखाली गेलेलं ते वाक्य, ध्वनिमुद्रणात स्वच्छ: "बरोबर आहे. तुम्हाला कशाला असणार."

"हे काय बोललीस तू अखिला?"

"धीर दिला, मॅडम."

"धीर?"

"त्या रडत होत्या. माफी मागत होत्या. मग मी..." तिला अजून कळलं नव्हतं. अजूनही तिला वाटत होतं की 'अक्का' म्हटलं ते चुकलं असेल. "ताई म्हणायला पाहिजे होतं काय?"

पुण्याहून एक लांब श्वास ऐकू आला. "अगं, आमच्याकडे पर्वा नाही म्हणजे मला फिकीर नाही. तू मेलीस काय न् जगलीस काय, मला काय त्याचं. नवरा गेलेल्या बाईला तू म्हणालीस, मला त्याचं काही नाही, तू रड."

शहाळीवाला खिडकीखालून गेला. अखिलाला त्याची हाक सबंध ऐकू आली, नाव, भाव, सगळं. मॅडमचा आवाज मात्र दुरून यायला लागला. तक्रार त्या बाईने नाही केली, तिच्या मुलाने केली. वरच्यांनी ऐकलं. त्यांच्यापुढे मी सांगून पाहिलं की पोरगी तशी नाही. पण ते म्हणतात, ज्याला भाषा येत नाही त्याला भाषेच्या कामावर ठेवलंच कसं?

"आमच्याकडे तसं नसतं, मॅडम," अखिला म्हणाली. तिचं निवडलेलं, पाखडलेलं मराठी हातातून सांडत होतं. "आमच्याकडे पोर पडलें तरी तेंच म्हणतात. कोणी रडलें तरी तेंच. तें चांगलें, मॅडम. आमच्यांत तें सगळ्यांत चांगलें."

"मला कळतंय गं." मॅडमचा आवाजही ओला झाला होता. "पण तिला कसं कळणार?"

"मी सांगतें तिला. एकदांच फोन लावून द्या. कामाचें राहूं दे. तिला इतकेंच सांगतें, कीं मज परवा... कीं मला..."

आणि तिला वाक्य पुरं करता येईना. काय सांगायचं होतं? मला परवा आहे? तिच्या बोलीत त्याला काही अर्थच नव्हता. असं कोणी कोणाला म्हणत नाही.

ग्राहकांचे नंबर आपल्याला दिसत नाहीत, मॅडम म्हणाल्या. आणि दिसले तरी लावता येत नाहीत. हेडफोन तुझ्याकडेच ठेव. शिकायला उपयोगी पडेल.

*

रविवारी अखिला ओरत्तनाडूला गेली. फोनवर सांगायचं धैर्य झालं नव्हतं. छत्रामागच्या, म्हणजे जुन्या धर्मशाळेमागच्या गल्लीत वळली तर ओट्यावर बॅग तयार होती. बॅगेशेजारी नवा फ्रॉक, वेणीत अबोलीचा गजरा, आणि त्या सगळ्याच्या आत अंबा.

"अक्का! आम्हीं तुझ्या घरीं जातों!"

अखिलाने तिला पोटाशी धरलं आणि तशीच आत गेली. विजयलक्ष्मी चुलीशी होती. वाटेसाठी दहीभात, अंबाला आवडते म्हणून डांगर पचडी, केळीच्या पानात बांधलेल्या पुऱ्या. चार दिवस पुरेल एवढं, तासाभराच्या वाटेसाठी. तिचे डोळे सुजलेले होते. रात्रभर जागून तिने स्वतःला या सकाळसाठी तयार केलं असावं.

"अत्ते, उद्योग गेला."

सासूचा हात पुरीवर थांबला. "काय चुकलें?"

"एका बाईस परवा नाही म्हटलें."

"मग?"

"त्यांच्यांत तें वाईट. तें म्हटल्यावर मन दुखतें."

विजयलक्ष्मीने तिच्याकडे पाहिलं, ही थट्टा करते की काय, अशा नजरेने. "परवा नाही म्हटल्यावर मन दुखतें? कसलीं माणसं तीं! मग रडणाऱ्यास काय म्हणतात तीं?"

इतके महिने अखिला त्यांचं मराठी शिकली होती, पण रडणाऱ्याला काय म्हणतात ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. ते भिंतीवर नव्हतं.

विजयलक्ष्मी उठली. ओट्यावर जाऊन तिने बॅग उघडली आणि एकेक कपडा बाहेर काढून घडी न मोडता मांडीवर ठेवायला लागली. पाठ अखिलाकडे होती.

"जूनला इथेंच घालूं शाळेंत," ती म्हणाली. "छत्राजवळची बरी आहे म्हणतात." आणि थोड्या वेळाने, "परवा नाही."

बस, नेहमीसारखंच म्हणाली ती. पण अखिलाच्या उजव्या कानात तो शब्द पुण्याहून आला. परवा नाही. मला त्याचं काही नाही. ती सासूच्या पाठीकडे बघत राहिली. ही माझी समजूत घालते? की हिला सुटल्यासारखं झालंय? की दोन्ही? जन्मभर तिला या शब्दाचा अर्थ विचारावा लागला नव्हता. पाण्याला कोणी चव विचारतं का? आता मात्र विचारावा लागत होता, आणि विचारायची सोय नव्हती.

तिने पर्समधून पिवळा डबा काढला आणि त्या कपड्यांवर ठेवला. सासूने झाकणावरच्या हत्तीवरून बोट फिरवलं.

अंबाला तोवर कळलं होतं की काहीतरी बिनसलंय. बाहेर आलेले कपडे तिने मुठीमुठीने परत बॅगेत कोंबले. "जातों! अम्मा, आम्हीं जातों!" अर्धवट भरलेली बॅग कवटाळून ती ओट्यावरून उतरायला धावली आणि शेवटच्या पायरीवर तिचा पाय घसरला.

गुडघा तोच. पुन्हा खरचटलं.

अखिला धावली. उचललं, ओढणीने पुसलं. अंबाने तोंड वासलं होतं पण आवाज काढला नव्हता. ती आईच्या तोंडाकडे बघत थांबली होती. पडल्यावर आधी तो शब्द येतो, मग रडायचं की नाही ते ठरतं, एवढं तिला माहीत होतं.

अखिलाने ओठ उघडले. शब्द जिभेवर आला, आणि त्याच्या मागोमाग कुकरची शिट्टी आली, आणि त्या बाईची ती शांतता. ओठ मिटले.

अंबाने वाट पाहिली. मग कोणीच म्हणत नाही असं बघून तिने वाकून स्वतःच्या गुडघ्यावर फुंकर घातली. थुंकीच जास्त उडाली. मग तिने आईचे गाल पाहिले, फ्रॉकची झालर वर ओढून ते पुसले, आणि मोठ्या माणसासारखी मान हलवून म्हणाली, "परवा नाही, अक्का."

अखिलाने डोकं कलतं केलं. ज्या कानाला हेडफोन कधी लागला नव्हता तो डावा कान तिने पोरीच्या तोंडाशी नेला.

"आणि एकदां सांग," ती म्हणाली.